सरस पेशींची गोष्ट

दुपारचे चार वाजलेत. प्रेझेंटेशनची सतरावी स्लाइड चालू आहे आणि माउसवरच्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट अशा तिघांना मुंग्या आल्यात. हात झटकला की दोन मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. रात्री तर झोपेतून उठवतात या मुंग्या. "नस दबली असेल रे," शेजारच्या क्युबिकलमधून फुकटचं निदान येतं.

निदान चुकीचंच असेल असं नाही. मनगटात एक चिंचोळा बोगदा असतो, त्यातून जाणारी नस दबली की नेमकी हीच बोटं बधिर होतात. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दोष फक्त माउसचा नसतो. डायबेटिस, थायरॉइड, गरोदरपण अशी बरीच मंडळी या कटात सामील असू शकतात. पण खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या काळात मार खातो तो नसेतला मूळ तंतू नव्हेच. मार खातं ते त्याच्यावरचं वेष्टण.

वायरवर प्लास्टिक असतं ना, तसंच. फक्त हे वेष्टण जिवंत आहे. छोट्या छोट्या पेशी त्या तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेतात, अगदी सुरळीच्या वडीसारख्या. एक गुंडाळी, दुसरी, तिसरी... अशा थरांमुळेच निरोप सुसाट धावतो. हे थर विस्कटले की निरोप अडखळतो आणि तुम्ही मीटिंगमध्ये हात झटकत बसता.

या गुंडाळ्या घालणाऱ्या पेशींच्या खानदानाचं नाव ग्लिया. आजचा आपला कॉलम त्यांच्यासाठी. कारण तुटलेली नस पुन्हा जोडता येईल का, अपघातानंतर व्हीलचेअरवर बसलेला माणूस पुन्हा उभा राहील का, या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग नसेपेक्षा तिच्या या शेजाऱ्यांकडे आहे.

नाव ठेवणारे नावं ठेवतात

१८५६ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी मेंदूतल्या या 'भरताड' पदार्थाचं बारसं केलं. नाव ठेवलं न्यूरोग्लिया. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे सरस, सुताराकडे असतो तो. त्यांचा समज असा, की महत्त्वाचं काम करतात त्या चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, आणि बाकीचा माल त्यांना चिकटवून ठेवण्यापुरता.

झालं! पुढची शंभरेक वर्षं स्टार परफॉर्मर एकच, न्यूरॉन. ग्लिया म्हणजे सपोर्ट स्टाफ. ग्रुप फोटोत कडेला उभे राहणारे. त्यातही पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं की एका न्यूरॉनमागे दहा ग्लिया असतात. २००९ साली ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशी खरोखर मोजून काढल्या. हिशेब लागला तो असा : न्यूरॉन सुमारे ८,६०० कोटी आणि बाकीच्या पेशीही जवळपास तेवढ्याच. म्हणजे दहास एक नाही, साधारण एकास एक.

संख्या कमी भरली तरी पत वाढलीच. कारण एव्हाना कळून चुकलं होतं की ही मंडळी नुसती चिकटून बसत नाहीत. कुणी न्यूरॉनला खाऊपिऊ घालतं, कुणी कचरा उचलतं, कुणी वेष्टण घालतं. आणि वायर तुटली की रिपेअरिंगला धावतात ते हेच. मराठीत 'सरस' या शब्दाचा दुसरा अर्थ 'वरचढ' असा आहे, हे फिर्खोसाहेबांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं!

श्वान, पण कुत्रा नव्हे

हाता-पायांच्या नसांभोवती गुंडाळ्या घालणाऱ्या ग्लियाला श्वान पेशी म्हणतात. हसू नका. १८३९ साली त्यांचं वर्णन करणाऱ्या थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते आडनाव आहे. पण इमानदारीच्या बाबतीत मराठी अर्थही अगदी फिट्ट बसतो.

समजा, काचेवर पडून मनगट कापलं आणि नस तुटली. तुटलेल्या जागेपासून पुढचा तंतू मरतो. हे १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरांनी बेडकाच्या जिभेची नस कापून दाखवून दिलं होतं. मालक गेला, आता श्वान पेशींनी काय करावं? त्या जागा सोडत नाहीत. जॉब प्रोफाइल बदलतात. वेष्टण बनवण्याचं काम थांबवतात, जुन्या वेष्टणाचा मलबा फोडायला घेतात, सफाईसाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात. मग एकीमागे एक रांग लावून नळीसारखी वाट तयार करतात आणि त्या वाटेवर वाढीला पोषक रसायनं सोडतात. तुटलेल्या टोकातून नवा कोंब फुटतो आणि त्या वाटेने चालू लागतो.

चालण्याचा वेग? दिवसाला साधारण एक मिलीमीटर.

आता कॅल्क्युलेटर काढा. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटीमीटर धरले तर सहा महिने. हे परवडलं. पण बाइकवरून पडताना डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला, मानेतून हाताकडे जाणारं नसांचं जाळंच फाटलं, तर? खांद्यापासून बोटापर्यंत ७० सेंटीमीटर. म्हणजे जवळपास दोन वर्षं.

आणि इथेच घोडं अडतं. पुढे वाट बघत बसलेल्या श्वान पेशी दोन वर्षं त्याच जोमाने थांबत नाहीत. काही महिन्यांनी त्यांची रसायनं आटायला लागतात, रांगा विरळ होतात. पलीकडे हुकूम न मिळालेले स्नायू सुकत जातात. वर्ष-दीड वर्ष उलटलं की नस पोचूनही उपयोग होईल याची खात्री नसते. म्हणून अशा दुखापतीत आपणहून सुधारणा दिसत नसेल, तर नसांचे सर्जन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करायला बघतात. आपल्याकडे या दुखापतीचे पेशंट बहुतेक कोण असतात? बाइकवरची तरुण मुलं. "आधी हाड जुळू दे, मग हाताचं बघू" असं म्हणत घरचे मालिश करत राहतात आणि मोलाचे महिने निघून जातात.

ऑपरेशनचा फंडाही ऐकण्यासारखा आहे. नसेची दोन टोकं जुळत नसतील तर सर्जन पेशंटच्याच पोटरीमागची, फक्त संवेदना नेणारी एक नस काढतात आणि तिचा पूल बांधतात. पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा येतो, ती त्याची किंमत. त्या पुलातले जुने तंतू मरणारच असतात. मग पूल कामाचा का? तर त्यातल्या श्वान पेशींमुळे. हातात परत हालचाल येते ती या पाहुण्या सपोर्ट स्टाफच्या जिवावर.

शेजार बदला, नशीब बदलतं

हाताची नस वाढते, तर मग मज्जारज्जू का वाढत नाही? कण्याच्या आतली ती करंगळीएवढी दोरी तुटली की माणूस कायमचा बसतो, असं का?

स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल हे मेंदूविज्ञानातले बाप माणूस, १९०६ चे नोबेलवाले. मेंदू आणि मज्जारज्जूत तुटलेलं पुन्हा वाढत नाही, हे त्यांचं मत पुढे दगडावरची रेघ ठरलं. मजा म्हणजे त्यांच्याच एका शिष्याने, फ्रान्सिस्को तेयो यांनी, १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा ठेवला होता आणि मेंदूतले तंतू त्यात शिरताना पाहिले होते. पण गोष्ट मागे पडली ती पडलीच.

७० वर्षांनी, १९८१ मध्ये, माँट्रियलमध्ये सॅम डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी तो धागा पुन्हा उचलला. उंदरांच्या पायाची नस काढली, तिचं एक टोक मेंदूच्या तळाशी आणि दुसरं मज्जारज्जूत खाली बसवलं. बायपासच म्हणा ना. 'न वाढणारे' म्हणून बदनाम झालेले तंतू त्या बायपासमधून तीन-तीन सेंटीमीटर वाढले! मात्र पलीकडच्या टोकाला मज्जारज्जूत परत शिरले आणि गाडीला ब्रेक लागला.

म्हणजे खोट तंतूत नव्हती, किमान सगळी तरी नव्हती. शेजारात होती. हाता-पायात वेष्टण घालायला श्वान पेशी असतात. मेंदू आणि मज्जारज्जूत ते कंत्राट ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या दुसऱ्या ग्लियाकडे आहे. ही एकेक पेशी एकाच वेळी कित्येक तंतूंना गुंडाळ्या घालते. कामाला वाघ, पण अपघातानंतर तिचा मलबा लवकर हटत नाही आणि त्या मलब्यात वाढ रोखणारी रसायनं असतात. १९८८ मध्ये झुरिचच्या मार्टिन श्वाब यांच्या प्रयोगशाळेने ते दाखवलं. २००० मध्ये त्यातलं एक प्रथिन नेमकं हाती लागलं. त्याचं नाव काय ठेवलं? नोगो. म्हणजे 'नो गो'. शास्त्रज्ञांनाही विनोद सुचतात कधीकधी.

मग उरला तिसरा आरोपी, अ‍ॅस्ट्रोसाइट. हीसुद्धा ग्लियाच, चांदणीच्या आकाराची. जखमेभोवती या पेशी दाट व्रण तयार करतात. कितीतरी वर्षं सगळे म्हणत होते, हीच ती भिंत, हिच्यामुळेच तंतू अडतात. २०१६ मध्ये लॉस एंजलिसच्या मायकेल सोफ्रोनिव यांच्या गटाने उंदरांमध्ये ती भिंत होऊच दिली नाही. तंतू वाढले का? नाही. उलट पोषक रसायनं दिल्यावर जी वाढ भिंत असताना होत होती, तीही भिंत काढल्यावर थांबली. ज्याला व्हिलन समजत होतो तो निदान काही प्रमाणात मदतनीस निघाला. शेजाऱ्यांबद्दल घाईने मत बनवू नये, ते असं.

नाकाची कमाल

शरीरात एक जागा अशी आहे जिथे नवे तंतू आयुष्यभर मेंदूत शिरत असतात. ती जागा म्हणजे नाक. वास ओळखणाऱ्या चेतापेशी धूळ, धूर, जंतू सोसून मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात आणि त्यांचे तंतू थेट मेंदूत जाऊन जोडणी करतात. 'नो गो'चा बोर्ड असलेल्या एरियात यांना एन्ट्री कशी मिळते?

लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी १९८५ मध्ये उत्तर सुचवलं : सोबत एस्कॉर्ट असतो म्हणून. नाकातल्या नसांभोवती एक खास ग्लिया असते, जी नाक आणि मेंदू अशा दोन्ही मुलखांत वावरते. ती नव्या तंतूंना कुशीत घेऊन आत सोडून येते. मग या पेशी मज्जारज्जूत नेऊन ठेवल्या तर? १९९७ मध्ये रेझमन यांच्या गटाने उंदरांवर ते केलं. पुढच्या पंजाकडे जाणारी वाट कापली होती, पेशी ठेवल्यावर त्यातून तंतू पलीकडे गेले आणि उंदीर त्या पंजाने खाऊ उचलू लागले.

माणसाची पाळी आली २०१२ मध्ये, पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात. चाकूहल्ल्यात मज्जारज्जू जवळजवळ पूर्ण कापला गेलेला एक पेशंट. आधी आठ महिने त्याच्याकडून कसून व्यायाम करून घेतला, फरक शून्य. मग पावेल ताबाकोव यांच्या टीमने त्याच्या कवटीतला वासाचा एक कंद काढला, त्यातली ग्लिया प्रयोगशाळेत वाढवली आणि जखमेच्या वर-खाली बारीक सुईने शंभरेक ठिकाणी टोचली. आठ मिलीमीटरच्या फटीवर त्याच्याच पायातल्या नसेच्या चार पट्ट्यांचा पूल टाकला. म्हणजे नाकाची ग्लिया आणि पायाच्या श्वान पेशी, दोन्ही टीम एकाच प्रोजेक्टवर. काही महिन्यांनी मांडीचा स्नायू भरू लागला, संवेदना काही अंशी परतली. २०१४ मध्ये हे जगापुढे आलं तेव्हा तो वॉकर धरून चालत होता. या कामाला पैसा देणाऱ्यांत लंडनचा एक शेफ होता. पोहायला गेलेला त्याचा अठरा वर्षांचा मुलगा एका उडीत जायबंदी झाला होता.

अंगावर काटा येतो ना? आता जरा थंड डोक्याने. हा एकच पेशंट होता. जखम चाकूची, स्वच्छ कापलेली. अपघातात मज्जारज्जू बहुतेक वेळा कापला जात नाही, चेंगरतो. आणि श्रेय नेमकं कुणाचं, पेशींचं, पुलाचं की व्यायामाचं, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही. रेझमन २०१७ मध्ये गेले. तेव्हाही हा उपचार प्रयोगच होता आणि आजही तो प्रयोगच आहे.

आशेचं दुकान

याच पेशी घेऊन इतर ठिकाणी काय झालं, तेही ऐका. दिल्लीत नाकातल्या अस्तराचा भाग पाच पेशंटच्या मज्जारज्जूत बसवून पाहिला गेला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला : छातीच्या पातळीवरच्या दुखापतीत हे बऱ्यापैकी सुरक्षित दिसतं, पण फायदा सिद्ध झाला नाही. ब्रिस्बेनमध्ये तीन पेशंटवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. २००८ चा निष्कर्ष तोच, धोका दिसला नाही, हालचालही परतली नाही. मायामीत मेरी बंज आणि त्यांचे पती रिचर्ड यांनी श्वान पेशींच्या कामाला आयुष्य दिलं. तिथल्या सहा पेशंटना त्यांच्याच पायातल्या श्वान पेशी दिल्या गेल्या. २०१७ चा अहवाल पुन्हा तसाच : सुरक्षित, बाकी पुढे बघू.

बोअर वाटतंय? पण प्रामाणिक विज्ञान असंच बोलतं. दिवसाला एक मिलीमीटर.

याउलट ज्यांनी घाई केली त्यांचं काय झालं? बीजिंगमध्ये भ्रूणातल्या अशाच पेशी टोचून घ्यायला जगभरातून पेशंट जात होते. २००६ मध्ये बाहेरच्या डॉक्टरांनी अशा सात जणांची ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासणी केली. उपयोगी पडेल अशी सुधारणा एकातही नव्हती, गुंतागुंत मात्र पाच जणांत. आणखी एक तरुणी, जिने पोर्तुगालमध्ये नाकाचं अस्तर कण्यात बसवून घेतलं होतं. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली. २०१४ मध्ये डॉक्टरांनी लिहिलं की काढलेल्या गाठीत शेंबडासारखा द्रव निघाला. नाकाचं अस्तर शेवटी नाकाचंच काम करणार!

म्हणूनच 'पेशी टोचा, चालू लागा' अशी जाहिरात दिसली की ब्रेक दाबा. जाहिरातीत ग्लिया, स्टेम सेल सगळं एकाच कढईत टाकलेलं असतं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्वच्छ सांगतात : रक्ताच्या आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. आणि खऱ्या चाचणीत पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. कुणी पॅकेज, डिस्काउंट, ईएमआय सांगू लागलं की समजा, तुम्ही चाचणीत नाही, दुकानात आहात. तिथे घर गहाण टाकून जाणारे आई-बाबा तुमच्या-माझ्या आई-बाबांसारखेच असतात, म्हणून हे जरा आवाज चढवून सांगतेय.

मग आपण काय करायचं?

– बोटांच्या मुंग्या आठवड्यांमागून आठवडे छळत असतील, रात्री जागं करत असतील, हातातून कप निसटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. रात्री लावायचा पट्टा, गरज पडली तर इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन. दाब वेळेत हटला की श्वान पेशी पुन्हा गुंडाळ्या घालतात. उशीर केला तर आतला तंतूही जातो.

– अपघातानंतर हात लुळा पडला असेल तर हाडांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा : नसेचं काय? नसांचं काम करणाऱ्या सर्जनचं नाव तिथेच मागून घ्या. वाट बघायची ती सल्ला घेऊन.

– रस्त्यावर कुणी पडलं आणि मान किंवा पाठीला मार असेल तर हात-पाय धरून रिक्षात कोंबू नका. मान-पाठ एका रेषेत ठेवा, १०८ ला फोन करा.

– नव्या उपचाराबद्दल ऐकलं तर तो क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियाच्या यादीत आहे का ते बघा. यादी सगळ्यांसाठी खुली आहे. नोंद म्हणजे गुणाची हमी नव्हे, पण नोंदच नसेल तर पुढे जाऊच नका.

– बाइकवर वेग आवरा. हेल्मेट डोकं वाचवतं, खांद्यातल्या नसा नाही.

मज्जारज्जू जोडण्याचा मान उद्या कुणाला मिळेल, सांगता येत नाही. पण इतकं नक्की की त्या कामात सरस म्हणून हिणवलेल्या या पेशी कुठे ना कुठे असणारच. तोवर त्यांच्याकडून वेळेत काम करून घेणं आपल्या हातात आहे. तेव्हा तीन बोटांच्या त्या मुंग्या दिवाळीनंतर बघू म्हणून ढकलू नका. याच आठवड्यात दाखवून या. भेटूच पुढच्या शुक्रवारी!